शिमग्यातला ताप, नडगीवरचे जांभळे ठिपके आणि 'निरंक' अहवाल

जेटीवरून | रात्री ९:४०

भावाच्या जुन्या आजारपणाबद्दल लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. भावाला विचारलं, तो म्हणाला, लिही. आत्ता तो पडवीत बोटीच्या इंजिनाचे नोझल पुसत बसलाय. नाव-गाव घालू नकोस, एवढंच म्हणाला.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. शहरात शिकायला, वसतिगृहात एका खोलीत चौघे. शिमग्याला रात्रीच्या एस्टीने घरी आला आणि सकाळी अंग कसकसतंय म्हणून पडून राहिला. पालखी अंगणात आली तेव्हा तो ओटीवर गोधडीत होता. पालखी नाचवायला दरवर्षी सगळ्यांच्या पुढे धावणारा पोरगा ढोल वाजत असताना उठला नाही, तेव्हाच आईच्या पोटात गोळा आला. दुपारी दोनदा उलटी झाली. पोटऱ्या फार दुखतात म्हणाला म्हणून मी तेल चोळायला बसले. कपाळ तव्यासारखं तापलेलं आणि पाय मात्र गारठलेले. नडगीवर टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच जांभळे ठिपके दिसले. वसतिगृहात ढेकूण चावले असतील, असं मीच म्हटलं. दिवेलागणीला तेच ठिपके करवंदाएवढे झाले होते.

एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वेळ न घालवता अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. त्या इंजेक्शनानेच तो वाचला, हे ऋण आहे आणि राहील. पण त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतलं नाही. पुढे घाटावरच्या मोठ्या रुग्णालयात अकरा दिवस काढले, तिथेही पाठीतलं पाणी तपासलं नाही. कागदावर लिहून मिळालं, 'सेप्टिसीमिया, कारण अज्ञात', म्हणजे रक्तात संसर्ग, पण कशाचा ते माहीत नाही. उजव्या पायाची तीन बोटं गेली. डाव्या कानाने ऐकू येत नाही हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, जेव्हा तो प्रत्येक फोन उजव्याच कानाला लावायला लागला.

पुढे मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाले. अभ्यासात 'मेनिंगोकोकस' या रक्तात आणि मेंदूच्या आवरणात शिरणाऱ्या जिवाणूचं पान उघडलं तेव्हा ते माझ्या घरातच घडून गेलंय असं वाटलं. झपाट्याने वाढणारा ताप, गार हातपाय, पायात कळा, दाबल्यावरही न पुसटणारे जांभळे डाग. तरीही ते मेनिंगोकोकसच होतं असं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तपासायला नमुनाच नव्हता. त्याच्या खोलीतल्या तिघांना कुणी कळवलं नाही, कुणी प्रतिबंधक गोळी दिली नाही. ते तिघे सुखरूप राहिले, देवाची कृपा. पण त्या वर्षीच्या कुठल्याही आकड्यात माझा भाऊ नाही.

आता हे सगळं का काढलं? जगात हा आजार काही ठिकाणी वर येतोय आणि ती वाढ लक्षात आली ती केवळ तिथे एकेक रुग्ण मोजला गेला म्हणून. अमेरिकेत २०२३ साली ४२२ रुग्ण नोंदले गेले, २०१४ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत सौदी अरेबियाच्या प्रवासाशी जोडलेले १२ रुग्ण अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये सापडले. तीन वेगवेगळे देश, एकेका देशात तीन, चार, पाच माणसं! सुटे बघितले तर काहीच वाटलं नसतं. शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं. आपल्या किनाऱ्यावरून आखातात किती माणसं जातात-येतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडे असा रुग्ण आला तर तो मोजला जाईल का? कुणाकुणाला काय अनुभव आहे, ते लिहा.

---

खाजणकाठ | रात्री १०:०५

ताई, वाचून गलबलून आलं. तुमच्या भावाला आमच्याकडून नमस्कार सांगा.

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या भागात ताप म्हटलं की लेप्टो, डेंगी, हल्ली स्क्रब टायफस. त्यात साप आहेत, विंचू आहेत. लावणीच्या दिवसांत लेप्टोने माणसं जातात ती डोळ्यांसमोर. डॉक्टर एक, रांग शंभराची. अशा ठिकाणी इतक्या दुर्मिळ आजारासाठी यंत्रणा कामाला लावायची म्हणजे जे रोज मारतंय त्याकडे दुर्लक्ष होणार नाही का? शिवाय असा धागा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की गावात घबराट होते. घामोळं आलं तरी लोक पोराला उचलून तालुक्याला धावतील.

---

कातळफूल | रात्री १०:२०

खाजणकाठ यांचा मुद्दा पटतो, पण ताईंचाही. एक बाळबोध शंका: हाच का मेंदूज्वर? माझ्या मुलीला 'मेंदूज्वराची लस' दिल्याचं कार्डावर आहे. मग ती सुरक्षित आहे ना?

---

बंदररोड_क्लिनिक | रात्री १०:५०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गात. शंका बाळबोध नाही, रोज कुणीतरी हेच विचारतं आणि घोळ आपल्या भाषेतल्या शब्दाचाच आहे. मराठीत 'मेंदूज्वर' हा एकच शब्द आपण दोन-तीन आजारांना वापरतो. जपानी मेंदूज्वर विषाणूने होतो आणि डासांतून येतो. सरकारी लसीकरणात ज्या जिल्ह्यांत 'मेंदूज्वराची लस' देतात ती त्याची. आपण बोलतोय तो मेंदूच्या आवरणाचा, जिवाणूने होणारा दाह. त्यातही जिवाणू वेगवेगळे. हिब या जिवाणूवरची लस बाळांच्या पेंटाव्हॅलंट लसीत येते, न्यूमोकोकस या दुसऱ्या जिवाणूची लसही आता सरकारी कार्यक्रमात आहे. मेनिंगोकोकसची लस मात्र सरकारी कार्यक्रमात नाही. ती खासगीत घ्यावी लागते आणि स्वस्त नाही. सरसकट सगळ्यांना मी सुचवत नाही. प्लीहा काढलेली आहे, एचआयव्ही आहे, कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची जन्मजात कमतरता आहे, परदेशी वसतिगृहात शिकायला जायचंय, हज-उमरा करायचाय, अशांना आवर्जून सांगतो. या जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांवरची लस दोन वर्षांपुढच्या निरोगी मुलाला आणि मोठ्यांना एका डोसात होते. बी गट तिच्यात नाही, हेही सांगतो.

घबराटीबद्दल. हा जिवाणू दहा टक्क्यांच्या आसपास लोकांच्या घशात नुसता वस्तीला असतो आणि त्यांना काही होत नाही. पाण्यातून, उंदरातून, डासातून तो येत नाही. जवळच्या श्वासातून, लाळेतून, एका खोलीत झोपण्यातून येतो. बाजारात शेजारी उभं राहून सहसा होत नाही. पण ज्याच्या रक्तात शिरला त्याचे तास मोजावे लागतात, दिवस नव्हे. उपचार मिळूनही दहा-पंधरा टक्के दगावतात. म्हणून घामोळं आणि हा डाग यांतला फरक लोकांना शिकवलेला बरा. काचेचा पेला डागावर दाबून धरा. काचेतून बघताना घामोळ्याचा लालपणा पुसटतो, रक्त साकळलेला डाग तसाच दिसत राहतो. सावळ्या कातडीवर नडगीपेक्षा तळहात, तळपाय, डोळ्याची खालची पापणी आणि टाळू बघा. आणि डाग उमटायची वाट बघत बसू नका, काहींना ते उमटतच नाहीत.

---

रापण | रात्री ११:३०

आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. अर्धं आयुष्य दापोली-मंडणगडच्या वाड्या तुडवण्यात गेलं. मोजला जाईल का, या प्रश्नाचं उत्तर थोडंफार माझ्याकडे आहे.

२००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प चालू झाला. तीन फॉर्म. 'एस' उपकेंद्रातल्या सिस्टरचा आणि आरोग्यसेवकाचा, 'पी' डॉक्टरांचा, 'एल' प्रयोगशाळेचा. एस फॉर्मवर आजाराचं नाव नसतं, लक्षण असतं. ताप सात दिवसांच्या आतला, मग त्याचे पोटभाग: नुसता ताप, पुरळासह ताप, रक्तस्रावासह ताप, ग्लानी किंवा बेशुद्धीसह ताप. ताईंचा भाऊ त्या दिवशी उपकेंद्राच्या हद्दीत होता आणि यांतल्या एकाहून जास्त रकान्यांत बसत होता. पी फॉर्मवर 'मेनिंजायटिस', म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, अशी ओळ असते. एल फॉर्मवर तर 'मेनिंगोकोकल मेनिंजायटिस' असं स्पष्ट नावच असतं. म्हणजे जागा केलेली आहे. आता हे सगळं कागदावरून संगणकावर आणि मोबाईलवर गेलंय, पण रकाने बरेचसे तेच.

अडतं कुठे ते सांगतो. रुग्ण सरकारी दारातून आत आलाच नाही, खासगीत गेला, तिथून थेट घाटावर गेला, तर आमच्या सिस्टरला पत्ताच नाही. वाडीवर कुणीतरी सांगतं तेव्हा आठवडा उलटलेला असतो. त्या आठवड्याचा अहवाल 'निरंक' गेलेला असतो. निरंक या शब्दाने मला नोकरीभर छळलं. आजार नाही म्हणून निरंक आणि कळलं नाही म्हणून निरंक, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मी सिस्टरना सांगायचो, निरंक लिहिण्याआधी आशाताईला एक फोन कर आणि विचार, कुणाला अचानक गाडी करून नेलं का? या एका प्रश्नाने जेवढे रुग्ण सापडले तेवढे रजिस्टर चाळून सापडले नसते.

आणखी एक. शिमग्याचं ताईंनी लिहिलं ते मनात ठेवा. हा आजार आपल्या देशात कोरड्या, थंडीनंतरच्या दिवसांत वर येतो. आमची सगळी धावपळ पावसाळ्यातली. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ ला साथी आल्या, मेघालयात २००८ ला. कोकणात ताप मोजायची सवय जून ते ऑक्टोबर. फेब्रुवारीतल्या तापाकडे कोण बघतो?

---

गुहागरचा_परदेशी | पहाटे ४:१५

मी अमेरिकेत, पूर्व व्हर्जिनियात राहतो. इथे हे डोळ्यांदेखत घडलं म्हणून लिहितो.

२०२२ च्या सप्टेंबरात इथल्या आरोग्य विभागाने पूर्व भागापुरता उद्रेक जाहीर केला. तेव्हा जेमतेम डझनभर रुग्ण होते. एवढ्याशा माणसांचा उद्रेक कसला, असं मलाही वाटलं होतं. पण त्यांच्याकडे मागच्या वर्षांचे आकडे होते, एरवी एवढ्या काळात किती होतात ते ठाऊक होतं. सगळे वाय गटाचे निघाले आणि जिवाणूची जनुकीय जुळणी केली तर एकमेकांशी मिळतेजुळते. पुढच्या वर्षी उद्रेक राज्यभरचा झाला. २०२४ च्या मार्चमध्ये देशभरच्या डॉक्टरांना सूचना गेली. त्यात मला धक्का देणारी गोष्ट अशी की रुग्ण कॉलेजची पोरं नव्हती, बहुतेक तीस ते साठ वयाची माणसं होती. आणि बऱ्याच जणांची मान ताठलेलीच नव्हती, मेंदूचं काहीच नाही, थेट रक्तातला संसर्ग. अठरा टक्के दगावले. मान बघून 'मेनिंजायटिस नाही' म्हणत घरी पाठवलं असतं तर?

खाजणकाठ, तुमची काळजी खरी आहे. पण बारा माणसांवरून ओळखता आलं ते आधीचा आकडा होता म्हणून. आधीचा आकडाच नसेल तर वाढ कशाच्या तुलनेत म्हणणार?

---

मालवणची_वहिनी | सकाळी ८:०५

माका ह्या आधी म्हायतच नव्हता. पेल्याचा वाचून आत्ताच झिलाच्या हातावर डास चावलेलो तेच्यार पेलो दाबून बघितलंय. लाल होता ता गेला. झील पुढल्या वर्षी शिकूक भायर जातलो, तेका सांगून ठेवलंय.

---

जेटीवरून | सकाळी ९:३०

सगळ्यांचे आभार. वहिनी, तुमची प्रतिक्रिया वाचून दिवस चांगला उगवला.

खाजणकाठ दादा, राग कसला? लेप्टोचे नमुने मी पावसाळाभर हाताळते, तुमचं दुखणं मला कळतं. पण वेगळी यंत्रणा कुठे मागतेय मी? ताप, पुरळ, ग्लानी हे रकाने लेप्टोलाही तेच, डेंगीलाही तेच. नीट भरले तर सगळ्यांचंच भलं आहे. विंचवाचं नाव काढलंत म्हणून सांगते. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी करत राहिले, त्या नोंदी १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या, आणि पुढे विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला तो याच मातीत. तेव्हाही रांग होतीच की.

आता माझ्या कामातली एक गोष्ट, कारण ती कुणी सांगत नाही. आपल्याकडे नमुना म्हटला की हात बर्फाकडे जातो. थर्मोकोलचा डबा, आइसपॅक, चिकटपट्टी, आणि डबा निघाला एस्टीने. डेंगीच्या रक्ताला ते योग्य. पण मेनिंगोकोकस थंडीने मरतो. पाठीतलं पाणी कल्चरला पाठवायचं तर ते फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, बर्फात घालायचं नाही, साध्या तापमानाला ठेवून होईल तितक्या लवकर पोचवायचं. कल्चरची रक्ताची बाटलीही तशीच. मी एकदा असा डबा उघडलाय. छोटीशी नळी, त्यात गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं पाणी, बाहेरून दव साठलेलं. काचपट्टीवर रंगवून बघितलं तर पांढऱ्या पेशींच्या आत जोडी-जोडीने बसलेले गुलाबी कण, कॉफीच्या बिया समोरासमोर ठेवाव्यात तसे. जिवाणू वाढवायच्या थाळीत, चॉकलेट अगारवर, मात्र काहीही उगवलं नाही. पाठवणाऱ्याने जपून पाठवलं होतं हो, बर्फ घालून. पीसीआरची, म्हणजे जनुकीय तपासणीची, सोय असेल तर मेलेल्या जिवाणूवरूनही ओळख पटते, इंजेक्शन दिल्यानंतरच्या नमुन्यावरही. म्हणून इंजेक्शन झालं म्हणजे आता तपासून काय उपयोग, असं कुणी म्हणालं तर सोडून देऊ नका. आणि उलटही लक्षात ठेवा, तपासणीसाठी इंजेक्शन अडवायचं नाही. रक्त काढायला दोन मिनिटं लागतात. तेवढीही नसतील तर आधी इंजेक्शन.

---

रापण | सकाळी ११:००

ताई, बर्फाचं हे मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. आज लिहून घेतलं.

आकड्यांबद्दल थोडं. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत या आजाराचा जो पट्टा आहे तिथे दर आठवड्याला मोजणी होते आणि उंबरठे ठरलेले आहेत. लाख वस्तीमागे आठवड्यात ३ संशयित रुग्ण म्हणजे सावध, १० म्हणजे साथ. तीस हजारांपेक्षा कमी वस्ती असेल तर आठवड्यात दोघेच पुरेत सावध व्हायला. आपलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण तीस हजारांवर असतं. आपल्याकडे रोग इतका नाही, तेव्हा तो उंबरठा इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण आपल्या केंद्राच्या हद्दीत दोन माणसं किती मोठी असतात ते यावरून ध्यानात येईल. त्या पट्ट्यात २०१० पासून ए गटाची लस दिली आणि तो गट जवळजवळ दिसेनासा झाला. ती लस पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली. पाच गटांवरची नवी लसही तिथलीच, नायजेरियाने २०२४ ला पहिल्यांदा वापरली.

मला काळजी वाटते ती दोन ठिकाणांची. ट्रॉलरवरचे खलाशी आणि आंब्याच्या बागेतले राखणदार. खोपटात सात-आठ जण एका रांगेत झोपतात, बरेचसे नेपाळहून आलेले. एकाला ताप आला की मालक त्याला गाडीत घालून गावी रवाना करतो. मागे राहिलेल्यांची चौकशी कोण करणार? आशाताईच्या यादीत ती माणसं नसतातच.

---

कातळफूल | दुपारी १:१५

रुग्ण सापडला तर बाकीच्यांना गोळी म्हणजे कुठली? आणि सगळ्या वाडीला का?

---

बंदररोड_क्लिनिक | दुपारी ३:००

वाडीला नाही. एका घरात, एका खोलीत राहणारे, उष्टं खाणारे-पिणारे, आणि रुग्णाच्या तोंडानाकाशी मास्क न लावता काम केलेले आरोग्य कर्मचारी. चोवीस तासांत दिली तर उत्तम, दोन आठवडे उलटल्यावर अर्थ नाही. म्हणून कळवण्याची घाई. रिफाम्पिसिन दोन दिवस देतात किंवा सेफ्ट्रियाक्झोनचं एक इंजेक्शन, गरोदर बाईला हेच. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते आधी सांगितलं नाही तर लोक घाबरून दुसरी गोळी घेत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन एका डोसात होतं म्हणून सोयीचं, पण त्याला दाद न देणारे जिवाणू दिल्लीच्या २००५ च्या साथीतच सापडले होते. सौदी प्रवासाशी जोडलेल्या रुग्णांच्या बाबतीतही अमेरिकेने दुसरं औषध द्यायचा सल्ला दिला. मेडिकलमधून आपलं आपण सिप्रो आणून घेऊ नका, ही विनंती.

आजारातून उठलेल्याची श्रवणचाचणी चार आठवड्यांच्या आत करायला हवी. ताईंच्या भावाला हे कुणी सांगितलं नाही, याचं मला डॉक्टर म्हणून वाईट वाटतं.

---

सुपारीबाग | दुपारी ४:२०

ताई, मी श्रीवर्धनकडची. काल रात्रीपासून तीनदा वाचलं.

आमच्याकडे हजला जाणाऱ्यांना ही लस माहीत आहे. १९८७ च्या हजमधल्या साथीनंतर सौदीने ती सक्तीची केली, मग २००० आणि २००१ ला डब्ल्यू गटाची साथ आली तेव्हापासून चार गटांवरची लस मागतात. हज कमिटीतून जाणाऱ्यांचं शिबिर असतं, जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभं राहून सगळे घेतात, पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी. पण उमऱ्याचं तसं नाही. टूरवाला पासपोर्ट घेतो, व्हिसा येतो, वर्षभर कधीही जाता येतं, आणि लसीचं कुणी विचारतच नाही. आमच्या मोहल्ल्यातून गेल्या दोन वर्षांत जे गेले त्यांतल्या कितींनी घेतली ते विचारत फिरले आज सकाळी. सात घरांत गेले, एका घरात कार्ड निघालं.

अब्बा-अम्मींचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. टूरवाल्याला फोन केला, तो म्हणाला गरज पडत नाही. मी म्हटलं, आम्हाला पडते.

---

खाजणकाठ | संध्याकाळी ६:४५

माझं म्हणणं थोडं मागे घेतो. आमच्या बागेत पाच राखणदार आहेत. रापण काकांचं वाचून खोपटात जाऊन आलो. खिडकी एकच, तीही पोत्याने बुजवलेली. पोतं काढलं, उद्या आशाताईला त्यांची नावं देतो. काका, नावं दिली की ती यादीत घेतात ना?

---

रापण | संध्याकाळी ७:१०

घेतात. आणि नाही म्हणाल्या तर मला फोन करायला सांगा, नंबर व्यक्तिगत निरोपाने (व्यनिने) देतो.

---

सुपारीबाग | नऊ दिवसांनी, सकाळी १०:०५

अब्बा-अम्मींची लस काल झाली. विमान बरोबर तेरा दिवसांनी. सिस्टरने कार्डावर तारीख आणि लसीचा बॅच क्रमांक लिहिला, अब्बांनी ते कार्ड पासपोर्टच्या पाकिटात घडी न घालता ठेवलंय. मोहल्ल्यातली आणखी चार माणसं आमच्याबरोबर आली होती.

ताई, अब्बा विचारतायत तुमच्या भावाचं नाव काय, तिथे दुआ करायला. इथे लिहू नका, व्यनि करा.